कुकरची शिट्टी

माझ्या कोटाच्या डाव्या खिशात एक छोटी स्टीलची डबी असते. आत मुरमुरे. नऊ महिन्यांचं बाळ आईच्या मांडीवर बसलेलं असतं. मी टेबलावर त्याच्यापुढे एक मुरमुरा ठेवते आणि गप्प राहते. बाळ आधी माझ्या चष्म्याकडे बघतं, मग मुरमुऱ्याकडे, मग हात पुढे येतो. तो हात कसा येतो एवढंच मला बघायचं असतं. कोंबडी उकिरडा उकरते तसा सगळा पंजा पसरून ओढतोय, की अंगठा आणि बोटं जवळ आणून नेमका उचलतोय? वाढ तपासायच्या फॉर्मवर या जागी ‘चीरिओ’ हे न्याहारीचं धान्य लिहिलेलं आहे, कारण अमेरिकन घरात सोफ्याखाली, गाडीच्या सीटमध्ये, सगळीकडे ते सांडलेलं असतं. न्यू जर्सीतल्या एडिसन गावाकडच्या आमच्या मराठी घरांत तितक्याच मोकळ्या हाताने मुरमुरे सांडतात. म्हणून डबी.

मी न्यू जर्सीत लहान मुलांच्या एका दवाखान्यात नर्स प्रॅक्टिशनर आहे. नातवंड सांभाळायला सहा महिन्यांसाठी आलेल्या आज्या मला ‘डॉक्टर’ म्हणतात. मी डॉक्टर नाही असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘म्हणजे सिस्टरच ना?’ हो, सिस्टरच. मिरजेत नर्सिंग शिकले, मुंबईत आठ वर्षं वॉर्डात पायांना गोळे येईपर्यंत उभी राहिले, इथे येऊन पुन्हा परीक्षा दिली आणि नोकरी करता करता पुढचं शिक्षण घेतलं. आता मी मूल तपासते, निदान करते, औषध लिहून देते. काही राज्यांत नर्स प्रॅक्टिशनरला हे सगळं स्वतंत्रपणे करता येतं, काही ठिकाणी डॉक्टरांशी लेखी करार लागतो. एका काकूंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सुनेला म्हणाल्या, ‘बरं झालं बाई, सिस्टर तरी जरा बसून बोलतात.’ माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही.

हे पद निघालं १९६५ साली, डेन्व्हरला, कोलोरॅडो विद्यापीठात. लोरेटा फोर्ड ही गावोगाव काम केलेली नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ. डोंगराळ भागात डॉक्टर पोचत नव्हते, नर्स पोचत होत्या. निरोगी मुलांची तपासणी आणि साधी दुखणी त्यांनीच सांभाळावीत यासाठी या दोघांनी पहिला अभ्यासक्रम उभा केला, आणि तो लहान मुलांसाठीच होता. नर्सने स्टेथोस्कोप लावून निदान करायचं हे डॉक्टरांना खटकलं असेल असं आपल्याला वाटतं. पण फोर्डबाईंना नर्सिंगच्या प्राध्यापकांनीही कमी छळलं नाही. बाई खमक्या होत्या. जानेवारी २०२५मध्ये वारल्या तेव्हा १०४ वर्षांच्या होत्या.

गंमत म्हणजे मुलांच्या वाढीची पहिली गाजलेली चाचणीही त्याच डेन्व्हरमधली. १९६७ साली विल्यम फ्रँकेनबर्ग आणि जोसाया डॉड्स यांनी ती प्रसिद्ध केली. शहरातल्या १,०३६ मुलांना तपासून, कोणती गोष्ट कितव्या महिन्यात किती मुलं करतात, याचा एक भलामोठा तक्ता त्यांनी बनवला. आम्हाला शिकवणाऱ्या बाईंकडे त्या चाचणीचा जुना संच होता. लाल लोकरीचा गोंडा, खुळखुळा, घंटी, रंगीत ठोकळे, टेनिसचा चेंडू आणि एक चिमुकली बाटली. बाटलीत मनुका टाकायचा आणि मूल तो बाहेर कसा काढतं ते बघायचं. आमच्या वर्गातल्या सगळ्यांनीच त्या संचाशी खेळून घेतलं. चाचणी सुटसुटीत होती, पण अडचण असलेली बरीच मुलं तिच्यातून निसटत, आणि सुधारून काढलेल्या आवृत्तीत उलट चांगली मुलं अडकू लागली. शिवाय अनोळखी बाईने पुढ्यात ठोकळे ठेवले तर दीड वर्षाचं शहाणं मूल काय करतं? आईच्या कुशीत तोंड खुपसतं.

म्हणून नंतर उलटा विचार झाला. मूल काय करतं ते बघायला दिवसभर घरात माणसं आहेतच, त्यांनाच विचारा. ओरेगन विद्यापीठातल्या डायन ब्रिकर आणि जेन स्क्वायर्स यांची प्रश्नावली आज आम्ही वापरतो. महिन्यांप्रमाणे तिचे वेगवेगळे फॉर्म आहेत. प्रत्येकात पाच भाग : बोलणं-समजणं, मोठ्या हालचाली, बोटांची कामं, डोकं चालवणं आणि माणसांत वागणं. प्रत्येक भागात सहा प्रश्न. उत्तरं तीनच : ‘हो’ला दहा, ‘कधीकधी’ला पाच, आणि ‘अजून नाही’ला शून्य. बेरीज केली की प्रत्येक भागाला साठांपैकी गुण पडतात आणि ते पांढऱ्या, राखाडी किंवा काळ्या पट्ट्यात जातात. राखाडी म्हणजे लक्ष ठेवा, काळा म्हणजे पुढे पाठवा. भरायला पंधरा मिनिटं, मोजायला तीन.

ही चाळणी आहे, वजनकाटा नव्हे. चाळणीत वर राहिलं म्हणून तो खडाच असतो असं नाही, हाताने घेऊन बघावं लागतं. पण चाळलंच नाही तर घास घेताना दाताखाली कळतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००६ साली सांगितलं की काही तक्रार असो-नसो, नवव्या, अठराव्या आणि तिसाव्या महिन्यात प्रत्येक मुलाला अशी चाचणी द्या. पुढे अठराव्या आणि चोविसाव्या महिन्यात स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची, वेगळी आली. दहा वर्षांनी, २०१६च्या देशव्यापी सर्वेक्षणात, नऊ ते पस्तीस महिन्यांच्या मुलांच्या पालकांना विचारलं तेव्हा जेमतेम ३० टक्के मुलांना ती मिळालेली निघाली. ओरेगनमध्ये ५९ टक्क्यांच्या आसपास, मिसिसिपीत १७. ही मिसिसिपीची मुलं काही वेगळी वाढत नाहीत, त्यांना विचारायला कोणी बसलेलं नसतं, एवढंच.

आता फॉर्मची आणि मराठी घराची गाठ कशी पडते ते सांगते, कारण माझा निम्मा दिवस त्यातच जातो.

‘मूल चमच्याने स्वतः खातं का?’ आमच्याकडे उत्तर येतं, अजून नाही. ‘जिना चढतं का?’ अजून नाही. ‘आरशातल्या स्वतःकडे बघून काही करतं का?’ आई विचारात पडते. तीन शून्यं झाली. पण चमच्याने खात नाही कारण आजी वरण-भात कालवून, काऊचा घास चिऊचा घास करत, घरभर मागे फिरून भरवते. दोन वर्षांच्या मुलाच्या हातात चमचा देऊन गालिचा रंगवून घ्यायची कोणाचीच तयारी नसते. जिना चढत नाही कारण फ्लॅट एकाच मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट. आरशाचं म्हणाल तर एका घरात सासूबाईंनी वर्ष होईपर्यंत बाळाला आरसा दाखवायचा नाही असा दंडकच घातला होता. मी तिथे शून्य लिहिते, पण शेजारी ‘संधी मिळालेली नाही’ अशी नोंद करते आणि आईला सांगते, दोन आठवडे रोज एक वाटी दही आणि चमचा द्या, खाली जुनं बेडशीट अंथरा, मग मला फोन करा. बहुतेक वेळा दोन आठवड्यांत शून्याचे दहा होतात. होत नाहीत तेव्हा आम्हा दोघींनाही काहीतरी कळलेलं असतं.

उलटही घडतं. ‘मूल किती शब्द बोलतं?’ आई म्हणते, एकही नाही, नुसती बडबड. मी विचारते, बाहेर जायचं असलं की काय म्हणतो? ‘भुर्र.’ देवापुढे? ‘जेजे.’ दूध? ‘दुदू.’ मांजर दिसलं की? ‘माऊ.’ अहो, मग हे चार शब्द झाले! माझ्या जागी मराठी न येणारी नर्स असती तर तिनेही ही बडबडच धरली असती, तिचा दोष नाही. आईने मात्र ते शब्द मोजले नव्हते, कारण तिच्या मनात शब्द म्हणजे ‘वॉटर’ आणि ‘बॉल’. हात जोडून नमस्कार करणं ही टाटा करण्याइतकीच खूण आहे. खोटाखोटा चहा करून बाहुलीला पाजणं हा ‘कल्पनेचा खेळ’, आणि आमच्याकडे भातुकली आहेच. फॉर्म मी अधूनमधून बाजूला ठेवते आणि हे सगळं मराठीत विचारते.

दोन भाषांवरून घरात होणारी भांडणं वेगळीच. एका आईला पाळणाघरातल्या शिक्षिकेने सांगितलं होतं, मूल गोंधळतंय, घरी फक्त इंग्रजी बोला. घरात आजोबा, त्यांना इंग्रजी येतं ते बँकेच्या कामापुरतं. सुनेचा शब्द मोडायचा नाही म्हणून ते नातवाशी बोलायचेच बंद झाले. आठ तास ते दोघं एका खोलीत, टीव्ही चालू. दोन भाषांमुळे बोलणं मागे पडत नाही, हे भाषातज्ज्ञ आता ठामपणे सांगतात. मोजताना दोन्ही भाषांतले शब्द एकत्र धरायचे असतात. मी त्या आजोबांना औषधाच्या चिठ्ठीवर लिहून दिलं : ‘रोज, दिवसातून कितीही वेळा, मराठी.’ सही केली, तारीख घातली. ते चिठ्ठी खिशात ठेवून गेले.

आणि बोलत नाही म्हणून सरळ ऑटिझमवर उडी मारायची नसते. आधी कान. जन्मल्यावर झालेली कानाची तपासणी चांगली असली तरी नंतर वारंवार सर्दी होऊन पडद्यामागे पाणी साचतं आणि मूल पाण्याखालून ऐकावं तसं ऐकतं. एक मुलगी अशी होती, दोन वर्षांची, तीनच शब्द. कानात नळ्या बसवल्या आणि तीन महिन्यांनी आली ती तिच्या आईला बोलू देईना. मग रक्त : लोह कमी आहे का, शिसं आहे का. न्यू जर्सीत एक आणि दोन वर्षांच्या वयाला शिशाची तपासणी सक्तीची आहे. जुन्या घरांचा रंग हे नेहमीचं कारण, पण मी गावाहून आणलेल्या काजळाच्या डबीबद्दलही विचारते. घरी केलेलं म्हणतात, पण ती डबी बरेचदा बाजारातली असते, आणि अशा काजळात शिसं सापडलेलं आहे. काजळ सोडायला सांगितलं की आजी नाराज होते. मी म्हणते तीट कपाळाला गंधाची लावा, दृष्ट तिथेही अडकते.

वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वय मोजताना तेवढे आठवडे वजा करायचे असतात. दोन महिने आधी आलेलं नऊ महिन्यांचं बाळ आमच्या तक्त्यात सात महिन्यांचं. हे न केल्यामुळे रडत आलेल्या आया मी पाहिल्यात. आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी जन्मलेल्या, दोन किलोहून कमी वजनाच्या बाळांचा ती मोठी होईपर्यंत पिच्छा पुरवला, तो अभ्यास मी इथे शिकताना वाचला. परीक्षेच्या वाचनात पुणं भेटल्यावर जे वाटतं ते मी काही सांगत बसत नाही.

एवढं सगळं मला येतं. तरी मी चुकले, ती गोष्ट अशी.

अठरा महिन्यांचा मुलगा. आई, वडील, आजी, तिघंही आलेले. वाढीचा आणि ऑटिझमचा, दोन्ही फॉर्म आम्ही आधी फोनवर पाठवतो. वडिलांनी ते दोन्ही खाली पार्किंगमध्ये, गाडीत बसून भरले होते. सगळीकडे हो. गुण सगळे पांढऱ्या पट्ट्यात. मूल गुटगुटीत, चालणं उत्तम, माझ्या टेबलाखालच्या चाकाशी खेळण्यात दंग. वजन, उंची, डोक्याचा घेर, लस. काकू, म्हणजे त्याची आजी, कोपऱ्यातल्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी दाराकडे वळले तेव्हा म्हणाल्या, ‘सिस्टर, याची एक गंमत सांगू? हाक मारली तर ढुंकून बघत नाही. पण कुकरची शिट्टी झाली की असेल तिथून स्वयंपाकघरात पळत येतो.’

मी हसले. ‘भूक लागत असेल हो, काकू,’ म्हटलं. पुढच्या खोलीत तापाचं मूल होतं.

त्या वाक्यात काय नव्हतं? कान चालतात, लांबचा, दुसऱ्या खोलीतला आवाज ऐकू येतो. स्वतःच्या नावाला मात्र तो वळत नाही. माणसाच्या आवाजापेक्षा शिट्टी ओढून घेते. ऑटिझमच्या प्रश्नावलीत वीस प्रश्न आहेत. त्यांतला एक नावाला ओ देण्याचा, दोन-तीन बोट दाखवण्याचे. मूल हवं ते मागायला बोट दाखवतं का, आणि नुसतं ‘ते बघ’ म्हणायला दाखवतं का? तुम्ही चांदोबा दाखवलात तर ते चंद्राकडे बघतं की तुमच्या बोटाकडे? मी हे दुसऱ्यांना शिकवते. आणि ज्या बाईचा दिवसातला प्रत्येक तास त्या मुलाबरोबर जात होता, तिने मला हे सगळं फुकट, एका वाक्यात, गंमत म्हणून सांगितलं, आणि मी ती गंमत म्हणूनच ऐकली.

सहा महिन्यांनी तो परत आला. काकूंचा व्हिसा संपला होता, त्या कराडला परतल्या होत्या. या वेळी फॉर्म आईने भरला होता आणि हात थरथरल्यासारखा भरला होता, दोनदा उत्तरं बदललेली. बोलण्याचा भाग काळ्या पट्ट्यात. वीसपैकी सहा प्रश्न अडकलेले. तीन ते सात अडकले तर लगेच निष्कर्ष काढायचा नसतो, एकेका प्रश्नावर उदाहरणं घेऊन पुन्हा विचारायचं असतं. विचारलं. तरी चार उरले. दोन उरले तरी पुढे पाठवायचं असतं. वडील म्हणाले, ‘याचा काका साडेतीन वर्षांपर्यंत बोलत नव्हता, आज सिएटलला आहे.’ हा काका प्रत्येक कुटुंबात असतो. खोटा नसतो, उशिरा बोलणारी बरीच मुलं खरंच आपली आपण वाटेला लागतात. फक्त दोन वर्षांच्या वयात समोर बसलेल्या दहा मुलांतला तो काका कोणता, हे मला सांगता येत नाही, आणि ज्यांना तो पक्का माहीत आहे असं वाटतं त्यांनाही येत नाही. ‘थांबून बघू’ हे शब्द मी त्या दिवसापासून तोंडातून काढलेले नाहीत.

ऑटिझमच्या या प्रश्नावलीवर मोठा अभ्यास झाला, २०१४ साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्या फेरीनंतरही अडकलेल्या मुलांपैकी साधारण निम्म्यांना ऑटिझम निघाला. उरलेली निम्मी म्हणजे खोटा गजर का? तर नाही. शंभरातल्या ९५ मुलांना वाढीची काही ना काही अडचण होतीच. म्हणून आईला मी ‘ऑटिझम आहे’ असंही म्हणत नाही आणि ‘काही नसेल हो’ असंही म्हणत नाही. ‘मदत लागणार आहे, ती आज मागवू, नाव नंतर ठरेल,’ असं म्हणते.

हे म्हणता येतं ते इथल्या एका कायद्यामुळे. १९८६ साली अमेरिकेच्या काँग्रेसने जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी लवकर मदतीची तरतूद केली. तिच्यासाठी निदानाचा कागद लागत नाही, वाढ मागे आहे एवढं ठरलं की पुरतं. आईवडील स्वतःही फोन करू शकतात. सुरुवातीची तपासणी फुकट, कागदपत्रांत व्हिसा कोणता ते विचारत नाहीत (हे मी मोठ्याने सांगते, कारण ग्रीन कार्डाच्या भीतीने काही लोक फोनच करत नाहीत), आणि पाठवल्यापासून पंचेचाळीस दिवसांत कुटुंबासोबत बसून आराखडा करावा लागतो. याउलट निदान करणाऱ्या तज्ज्ञाची तारीख कित्येक महिन्यांनंतरची मिळते. या मुलाला अडीच वर्षांचा झाल्यावर मिळाली, निदान झालं तेव्हा तो पावणेतीन वर्षांचा होता. तोवर घरी येणारी थेरपिस्ट सहा-सात महिने त्याच्याशी खेळून झाली होती. ती पिशवीतून खेळणी काढत नसे. घरातलेच स्टीलचे डबे, चाळणी, पोळपाट-लाटणं घ्यायची. डबा उघडायला मूल तिच्याकडे बघेपर्यंत झाकण दाबून धरायची. बघितलं की उघड. आई म्हणाली, ‘ताई, मला वाटलं ती त्याला शिकवायला येते, ती तर मलाच शिकवून गेली.’

तिसरा वाढदिवस झाला की हे खातं बंद होतं आणि मूल शाळेच्या जिल्ह्याकडे जातं. म्हणजे त्या मुलाला या सेवेचं एकच वर्ष मिळालं. दीड मिळू शकलं असतं. हा हिशेब मी कागदावर मांडलेला नाही, पण दर वेळी त्याची फाइल उघडली की तो होतोच.

मिरजेची माझी वर्गमैत्रीण कोल्हापूर जिल्ह्यात एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका, आहे. काही वर्षं ती राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकात होती. ६ फेब्रुवारी २०१३ला पालघरमधून, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातून, सुरू झालेला हा कार्यक्रम. दोन आयुष डॉक्टर, एक नर्स, एक फार्मासिस्ट, गाडी, आणि वर्षातून दोनदा प्रत्येक अंगणवाडी. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि वाढीतला विलंब, मिळून तीस गोष्टी बघायच्या. अडकलेली मुलं जिल्ह्याच्या केंद्रात पाठवायची. मी तिला कुकरची गोष्ट फोनवर सांगितली. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, ‘तुला एका मुलामागे वीस मिनिटं मिळतात ना? मला अख्ख्या अंगणवाडीला दोन तास. पण मी एक करायचे. मुलांना तपासायच्या आधी मदतनीस ताईंशी चहा प्यायचे. खिचडी वाढताना कोण हात पुढे करत नाही, कोण नावाला उठत नाही, हे तिला तोंडपाठ.’ तिने हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

त्यानंतर मी माझ्या फॉर्मच्या वर पेनाने एक प्रश्न लिहिते : दिवसभर बाळाजवळ कोण असतं? आजी असेल तर आजी, शेजारची गुजराती मावशी असेल तर ती, पाळणाघर असेल तर तिथे फोन. वेळापत्रक सांभाळणाऱ्या आमच्या मॅनेजरना हे पसंत नाही. माझ्या वीस मिनिटांची कधी कधी पस्तीस होतात आणि बाहेरची माणसं घड्याळं बघतात. २०२२ साली इथल्या रोग नियंत्रण केंद्राने पालकांना देण्याची यादी बदलली, बहुतेक म्हणजे चारांतली तीन मुलं जे करतात तेच त्या वयाला लिहायचं ठरवलं, आणि रांगणं यादीतून काढूनच टाकलं, कारण काही मुलं न रांगताच चालतात. ते ठीक. पण पन्नास शब्द त्यांनी तिसाव्या महिन्याच्या यादीत घातले, तिथे माझं आणि बऱ्याच वाचातज्ज्ञांचं त्यांच्याशी पटत नाही. तीस महिन्यांनी कळलं तर छत्तीसला खातं बंद होणार. हाती उरतात सहा महिने, त्यातले पंचेचाळीस दिवस कागदांत.

तो मुलगा आता पाच वर्षांचा आहे. बोलतो, स्वतःच्या विषयावर तर खूपच बोलतो. सध्या लिफ्टच्या कंपन्या हा विषय आहे. शाळेत त्याच्याबरोबर एक मदतनीस बसते. गोंगाट झाला की कानांवर हात ठेवतो. घरातला कुकर त्याच्या आईने बदलून बिनशिट्टीचा, बटणाचा आणला आहे.

त्याला एक बहीण झाली. ऑटिझम असलेल्या मुलाच्या धाकट्या भावंडांत साधारण पाचांतल्या एकाला तो आढळतो, हे आईला माहीत होतं. तिने ते माझ्याआधी वाचलं होतं. नऊ महिन्यांच्या तपासणीला ती आली तेव्हा एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात फोन. फोनवर कराड. तिकडे रात्रीचे साडेनऊ, काकू चष्मा लावून, मागे देव्हाऱ्याचा दिवा.

‘सिस्टर, या वेळी मला विचारणार ना?’

‘तुम्हालाच आधी, काकू.’

‘पण मी काय सांगू? मी तर हिला फोनवरच बघते.’

‘मग तेच सांगा.’

त्यांनी सांगितलं. रोज सकाळी त्यांच्या पूजेच्या वेळी सून फोन लावते. घंटी वाजवली तर बाळ फोनकडे बघतं, पण ते सगळीच बघतात. म्हणून त्या घंटी खाली ठेवतात आणि फक्त हाक मारतात. चेहरा न दाखवता, फोन जपमाळेच्या पिशवीला टेकवून, स्वतः बाजूला सरून. किती वेळा वळली आणि किती वेळा नाही, ते त्यांनी पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. महिन्याभराचं. त्यांनी पान फोनपुढे धरलं. उभ्या रेघा, मधे मधे फुल्या.

‘फुली म्हणजे नाही वळली,’ त्या म्हणाल्या. ‘पण त्यातल्या तीन वेळा ती झोपेला आली होती हो, त्या धरू नका.’

मी डबीतून एक मुरमुरा काढून टेबलावर ठेवला, आणि रेघा मोजायला घेतल्या.